पाणी भरतंय की सुकतंय? ठाणे खाडीवरून पहिला कोलाज लूप करताना

माझा पहिला लूप मी कोळीवाड्यातल्या एका काकांना मोबाइलवर दाखवला. चार सेकंदांचं चित्र. मागे टॉवर, पुढे खाडी, चिखलात रोहित पक्षी (फ्लेमिंगो), मधोमध नांगरलेली होडी, आणि पाणी डावीकडून उजवीकडे सरकतंय. पक्ष्यांचं कौतुक होईल असं वाटलं होतं. त्यांनी ते दोनदा फिरू दिलं आणि विचारलं, "पोरी, पानी भरतंय का सुकतंय?" मला सांगता येईना. "मंग होरी उलटी हाय तुझी," म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

त्यांचं बरोबर होतं. खाडीच्या पूर्वेला, ऐरोलीच्या काठावर उभं राहिलं की समोर पश्चिम. उजव्या हाताला ठाणे, डाव्या हाताला समुद्राकडची बाजू. म्हणजे पाणी डावीकडून उजवीकडे जात असेल तर भरती चालू आहे. नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, नांगरलेली होडी, वारा फार नसेल तर, येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून राहते. भरतीत तिची नाळ डावीकडे हवी. माझी ठाण्याकडे बघत होती.

डिजिटल कोलाज लूप म्हणजे फोटो, कागद, जुनी चित्रं यांचे तुकडे कापून एकत्र लावायचे, त्यातले काही हलवायचे, आणि शेवट सुरुवातीला असा जोडायचा की शिवण दिसू नये. खाडी यासाठी फार सोयीची, कारण तिथे जे हलतं ते बहुतेक मुळातच पुन्हा पुन्हा होणारं असतं. पाणी येतं आणि जातं, रोहित डोकं डोलवतो, खेकडा नांगी हलवतो. नवशिक्यांची गाडी अडते ती पुन्हा न होणारी गोष्ट लूपमध्ये कोंबायला गेल्यावर. बगळ्याने मासा पकडला की चार सेकंदांनी तोच मासा पुन्हा पाण्यात कसा? तेव्हा पहिल्या लूपमध्ये शिकार नको.

साहित्य: फोटो थोडे, कागद भरपूर

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण 1,690 हेक्टर. 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता. ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे कांदळवनातले प्राणी आणि झाडं नीट मांडून दाखवली आहेत, आणि हंगामात तिथून बोटीही सुटतात. पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे या काळात असतात, पण एखाद्या वर्षी पुढेमागे होतं.

जायची वेळ पंचांगावरून काढता येते. आमच्याकडे जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नऊला. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. खाडीत आतवर वेळ थोडी पुढे सरकते, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. पण कॅलेंडरवर नजर टाकून रविवार कामाचा आहे की नाही ते लगेच कळतं. चतुर्थी ते षष्ठी हे माझे आवडते दिवस. सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान चिखल उघडा पडतो, रोहित त्यावर उतरतात, आणि सूर्य आपल्या पाठीशी, पूर्वेला असतो. संध्याकाळी याच काठावरून पक्ष्यांच्या फक्त काळ्या आकृत्या मिळतात. कधीकधी त्याही हव्या असतात, पण कापायला उजेडातला फोटो बरा.

मोबाइलने रोहित टिपायला गेलात तर गुलाबी ठिपके मिळतील. वाईट वाटून घेऊ नका. मोबाइलने जवळच्या गोष्टी टिपा: चिखलाला पडलेल्या भेगा, तिवराची पानं, चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली श्वसनमुळं, होडीचा सोललेला रंग, जाळ्याची गाठ. मुळांत अडकलेल्या दुधाच्या पिशव्यासुद्धा. मी त्या मुद्दाम घेते. खाडीतून त्या वगळल्या तर चित्र पर्यटनाच्या पत्रकासारखं दिसतं. चिखलात पाय घालू नका, तो गुडघ्यापर्यंत थांबेल याची खात्री नसते. पक्षी उडवून फोटो काढू नका आणि ड्रोन घरीच ठेवा.

पक्षी कुठून आणायचे? एक मार्ग म्हणजे मोकळ्या परवान्याची चित्रं. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स. सीसी झीरो असेल तर निर्धास्त वापरा. सीसी बाय असेल तर छायाचित्रकाराचं नाव द्या. इतर संकेतस्थळांवर एनडी (फेरफाराला मनाई) अक्षरं दिसली तर सोडून द्या, कारण कोलाज म्हणजे फेरफारच. जुनी पक्षीचित्रं हा दुसरा खजिना. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं उलटली की चित्र मुक्त होतं, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली चित्रं वापरायला हरकत नाही. मात्र एक फसगत टाळा. शोधल्यावर सगळ्यात आधी समोर येतो तो पक्षीचित्रकार ऑडुबॉनचा मान खाली वाकवलेला फ्लेमिंगो. चित्र देखणं आहे, पण पक्षी अमेरिकन जातीचा, जवळजवळ शेंदरी. आपल्या खाडीत दोन जाती: छोटा रोहित, ज्याची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते, आणि मोठा रोहित, अंगाने पांढुरका, चोच गुलाबी आणि टोक काळं. मोठा छोट्याच्या जवळजवळ दीडपट उंच असतो. एकाच फोटोची नक्कल लहान-मोठी करून थवा भरला तर पक्षी ओळखणारा माणूस पटकन पकडतो.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: पक्षी स्वतः कापायचा, कागदातून. शाळेतला गुलाबी घोटीव कागद, जुन्या लग्नपत्रिकांचे लिफाफे, पतंगाचा कागद. हे स्कॅन करा, स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ सपाट ठेवून वरून फोटो घ्या. फोटोतल्या पक्ष्याची बाह्यरेषा घ्यायची आणि आत कागदाचा पोत भरायचा. पत्रिकेवरचा सोनेरी गणपती पंखाच्या मधोमध येणार नाही एवढं बघा. माझ्या एका रोहिताच्या पोटावर "आमचे येथे श्रीकृपेकरून" राहून गेलंय आणि मला ते काढवत नाही.

कापणं

कापायला मी फोटोपी वापरते. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे आणि फाइल पीएसडी म्हणून, लेयर (एकावर एक थर) शाबूत ठेवून साठवता येते. हलवायला क्रिता, तेही फुकट, फक्त संगणकावर उतरवून घ्यावं लागतं. दुसरं काही येत असेल तर तेच वापरा, पुढचा हिशोब सगळीकडे सारखाच.

मागचं आपोआप काढून टाकणारं बटण असतं. त्याचा मोह टाळा आणि लॅसोने, म्हणजे कड आखून निवडायच्या हत्याराने, हाताने कापा. आपोआप कापलेल्या पक्ष्याभोवती आकाशाची निळसर झाक राहते आणि पाय हमखास गायब होतात. हाताने कापताना तीन-चार पिक्सेलची पांढरी कड ठेवली तर कात्रीने कापलेल्या कागदासारखी दिसते, आणि कोलाजला तेच हवं.

आता रोहिताचे तुकडे. धड एक, मान तीन तुकड्यांत, डोकं एक, प्रत्येक पाय दोन तुकड्यांत. सांध्यापाशी प्रत्येक तुकड्याला थोडा जास्तीचा गोल भाग ठेवा, जो वरच्या तुकड्याखाली लपेल. नाहीतर मान वाकली की मध्ये फट पडते. पाय हलवले की त्यांच्यामागचं पाणी उघडं पडतं, म्हणून मागचं चित्र पायांविना, पूर्ण भरलेलं हवं.

पायाच्या मधोमध जो गुडघा दिसतो तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा पिसांच्या आत, पोटाजवळ असतो. त्यामुळे दिसणारा सांधा माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे येत नाही, वाकताना त्याचं टोक मागे जातं. माझा दुसरा लूप इथेच हुकला होता. सगळे रोहित परेडला निघाल्यासारखे चालत होते.

डोक्याचंही तसंच. रोहित खाताना डोकं उलटं करतो, म्हणजे चोचीचा वरचा अर्धा भाग खाली येतो. उभ्या पक्ष्याच्या फोटोतलं डोकं कापलं असेल तर ते जवळजवळ अर्धा फेरा फिरवून लावावं लागतं. नुसती मान वाकवून चोच पाण्यात घातली तर पक्षी तहानलेला दिसतो, खाणारा नाही. छोटा रोहित पाण्याच्या वरच्या थरातलं शेवाळ गाळून खातो, आणि तसं करताना डोकं दोन्ही बाजूंना डोलवतो. हीच आपली मुख्य हालचाल.

48 फ्रेम

कॅनव्हास 1080 बाय 1080, सेकंदाला 12 फ्रेम, एकूण 48. म्हणजे चार सेकंद. 48 घ्यायचं कारण साधं: त्याला 2, 3, 4, 6, 8, 12, 16, 24 एवढ्यांनी भाग जातो. चित्रातल्या प्रत्येक वस्तूचा फेरा यातल्याच एखाद्या आकड्याचा किंवा पूर्ण 48 चा ठेवा, म्हणजे चार सेकंदांनी सगळे एकदम आपापल्या जागी परत येतात. एकाचा फेरा 20 फ्रेमचा ठेवलात तर दर चार सेकंदांनी तो उचकी दिल्यासारखा उडेल.

क्रितामध्ये सेटिंग्जमधून डॉकर्स आणि तिथून ॲनिमेशन टाइमलाइन उघडा. फ्रेम 0 पासून मोजल्या जातात, म्हणून शेवट 47 वर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लूप जुळावा म्हणून लोक शेवटची फ्रेम पहिल्यासारखी करतात. मग तीच फ्रेम लागोपाठ दोनदा दिसते आणि पाणी किंचित अडखळतं. पहिल्यासारखी असायला हवी ती 48 क्रमांकाची, आणि ती बाहेर काढायचीच नाही. 47 नंतर 0 आली की साखळी आपोआप पूर्ण.

डोकं डोलवण्याचा फेरा 24 फ्रेमचा ठेवू. कोन असे द्या: फ्रेम 0 ला शून्य, 3 ला 5.7 अंश, 6 ला 8, 9 ला 5.7, 12 ला पुन्हा शून्य, मग तेच आकडे उणे करून 15, 18 आणि 21 ला. 24 पासून तीच रांग पुन्हा. 6 च्या आसपास डोकं जवळजवळ थांबतं आणि शून्यापाशी सगळ्यात वेगात असतं, झोपाळ्यासारखं. सारख्या अंतराने फिरवलं तर ते गाडीच्या वायपरसारखं दिसेल. मानेच्या तीन तुकड्यांना हेच कोन कमी कमी करून आणि एक-दोन फ्रेम उशिरा द्या.

आधी फिरवलेला तुकडा पुन्हा फिरवू नका, दर वेळी कडा धूसर होत जातात. लेयरला ट्रान्सफॉर्म मास्क (मूळ चित्राला हात न लावता ते फिरवणारा थर) लावला तर मूळ तुकडा शाबूत राहतो आणि कोन फ्रेमगणिक देता येतो. फिरवण्याआधी मधला बिंदू ओढून सांध्यावर आणायला विसरू नका. नाहीतर डोकं मानेवर न फिरता स्वतःभोवती गिरकी घेतं.

थवा करायचा तर सगळ्यांना एकाच वेळी डोलवू नका. एकाला फ्रेम 0 पासून, दुसऱ्याला 7 पासून, तिसऱ्याला 16 पासून सुरू करा. फेरा तोच, सुरुवात वेगळी. एवढ्यानेच कवायत मोडते.

पाणी

पाण्याच्या दोन पट्ट्या करू. मागची पट्टी 240 पिक्सेल रुंदीच्या तुकड्याची, तो तुकडा सहा वेळा शेजारी शेजारी लावलेला. दर फ्रेमला 5 पिक्सेल सरकवा: 48 फ्रेममध्ये बरोबर 240, म्हणजे एका तुकड्याएवढं, आणि चित्र पुन्हा पहिल्यासारखं. पुढची पट्टी 480 च्या तुकड्याची, चार वेळा, दर फ्रेमला 10 पिक्सेल. जवळचं पाणी वेगात आणि लांबचं संथ, त्यामुळे खोली येते. आकडे पूर्णच ठेवा. साडेसात पिक्सेल सरकवायला गेलात तर पट्टी थरथरते.

तुकडा शेजाऱ्याशी बेमालूम जुळावा यासाठी जुनी युक्ती आहे. ऑफसेट वापरून चित्र रुंदीच्या निम्म्याने सरकवा. कडांची शिवण मधोमध येते. ती डोळ्यासमोर आली की क्लोनने (शेजारचा भाग तिथे उमटवणारा ब्रश) किंवा वर कागदाचा आणखी एक तुकडा चिकटवून झाका. माझं पाणी जुन्या वर्तमानपत्राच्या राखाडी छपाईचं आहे, त्यावर ट्रेसिंग पेपर. ओहोटीच्या वेळी खाडीचा रंग तसाच असतो. निळं पाणी पाहिजे असेल तर मालवणला जावं.

दोन्ही पट्ट्या एकाच दिशेला सरकवा. आणि हो, होडी. तिला वरखाली 3 पिक्सेल, फेरा 48 चा. नाळ कुठे ते वर आलंच आहे.

खेकडे, निवट्या आणि स्थिर माणसं

चिखल उघडा पडला की एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे बिळांबाहेर येतात. मोठी नांगी नराची, आणि तो ती मादीला बोलावायला आणि दुसऱ्या नराला दटवायला हलवतो. लूपसाठी याच्याहून सोपा नट नाही, दोनच तुकडे: अंग आणि नांगी. 24 फ्रेम अशा वाटा: 4 मध्ये नांगी वर, 3 थांबा, 12 मध्ये सावकाश खाली, 5 विश्रांती. झटकन वर आणि आळसात खाली, यातच त्याचा सगळा तोरा आहे. मी सुरुवातीला 12 वर आणि 12 खाली ठेवलं होतं, तर तो गाडी थांबवणाऱ्या पोलिसासारखा दिसायला लागला.

निवटी हा चिखलावर राहणारा छोटा मासा. तिला जवळजवळ काहीच करू देऊ नका. ती चिखलावर बसते, डोळे डोक्याच्या वर, आणि ते ओले ठेवायला मधूनच आत ओढून घेते. 48 पैकी 3 फ्रेम डोळे आत, बाकी 45 दगडासारखी. पाहणाऱ्याला ती तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात दिसते, आणि मग तो तिच्यासाठी थांबतो.

श्वसनमुळं अजिबात हलवायची नाहीत. तिवराच्या पानांना दोन अंश पुरे. चित्राचा निम्मा भाग स्थिर नसेल तर हलणाऱ्या भागाकडे लक्षच जात नाही. नवीन माणूस टॉवर सोडून सगळं हलवतो, आणि एकाने तर मला टॉवरही हलताना दाखवले होते.

मागे वाशीच्या पुलावरून लोकल जावीशी वाटेल. जाऊ द्या, पण फ्रेम 0 आणि 47 ला ती पूर्ण चौकटीबाहेर असायला हवी. उडणाऱ्या थव्यालाही हाच नियम. पंखांचा फेरा मी 6 फ्रेमचा ठेवते.

बाहेर काढताना

इन्स्टाग्रामला एमपी-4 द्या, एच-264 मध्ये. फायली हलक्या राहतात आणि तिथे व्हिडिओ आपोआप फिरत राहतो. जीआयएफ हवी असेल तर दोन अडचणी लक्षात ठेवा. एका फ्रेममध्ये रंग जास्तीत जास्त 256, त्यामुळे संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात. सपाट कागदाच्या कोलाजला मात्र हे चालून जातं. दुसरी अडचण वेळेची. जीआयएफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि 12 ने शंभरला पूर्ण भाग जात नाही. प्रत्येक फ्रेमला 8 द्या. चार सेकंदांऐवजी 3.84 होतील, कुणाच्या लक्षात येणार नाही. आकार 540 बाय 540 करा, नाहीतर व्हॉट्सॲपवर मावशी विचारतील की उघडत का नाही.

पाठवण्याआधी लूप वीस वेळा फिरू द्या आणि एका वेळी एकाच कोपऱ्याकडे बघा. अडखळणं संपूर्ण चित्र बघताना सापडत नाही, तिथे डोळा पक्ष्याकडे पळतो. मी अर्ध्या पडद्यावर वही धरते.

लेयर असलेली मूळ फाइल जपून ठेवा, त्यातून दुसरा लूप अर्ध्या तासात निघतो. वर केला तो भरती नुकतीच लागल्याचा, चिखल अजून उघडा असतानाचा. पाण्याच्या दोन्ही पट्ट्यांची दिशा उलटी करा, होडीची नाळ ठाण्याकडे वळवा, की झाली सुकती, म्हणजे ओहोटी. आणि भर भरती हवी असेल तर पाणी श्वसनमुळांच्या टोकांपर्यंत चढवा, रोहित काढून टाका, ते तोवर नेरूळच्या पाणथळीकडे गेलेले असतात. खेकडेही काढा. पाणी चढताना ते आत जाऊन बिळाच्या तोंडाला चिखलाचं बूच लावतात. निवटीला मात्र एखाद्या मुळावर चढवून ठेवा, डोळ्यांच्या त्याच 3 फ्रेम घेऊन.